पान एक्क्याऐंशी

३ एप्रिल

प्रिय ठकू,

पार्सल काल मिळालं. पाव तीन, तिन्ही शाबूत. सोबतचा लेबलाचा नमुनाही मिळाला. त्यावर तुझ्या दादांचा फोटो बघून मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. तू लिहिलंस, परवानगी कळव म्हणजे पंचवीस तारखेला छापायला टाकते.

परवानगी नाही.

चिडू नकोस, आधी पुढचं वाच. लेबल मी नीट वाचलं. वाचण्यात माझा हात कोणी धरू नये, हे तुलाही माहीत आहे. "जव, ओट, जवस आणि वनस्पतींपासून काढलेलं स्टेरॉल. कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतो." इथपर्यंत ठीक आहे. पण खाली ह्यांचा फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरात "माझ्या गोळ्या सुटल्या." अगं, हा माणूस जाऊन तीन वर्षं झाली. उद्या दुकानात कोणी विचारलं, काका आता कसे आहेत, तर काय सांगशील? बरे आहेत, आता गोळ्याच काय, काहीच लागत नाही, असं?

पाव मात्र चांगला झालाय. पूर्वीचा चावताना जबडा दुखायचा. हे म्हणायचे, ठकूचा पाव खाल्ला की आधी दात सुधारतात, मग हृदय.

आमच्या इमारतीची लिफ्ट परवा चौथ्या मजल्याजवळ कुरकुरली. जन्मभर लिफ्टच दुरुस्त केल्या ह्यांनी, हे असते तर नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं कुठे काय झिजलंय. मी चौथ्यावर उतरले आणि उरलेले तीन मजले चालत गेले. उगीच नाही. त्या आवाजासोबत एकटीला वर जायचं नव्हतं.

एक विचारते, खरं सांग. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना? तुमच्या घराण्यात दाब आहे. तुझ्या आईला होता, दादांना होता, तुला आहे. फोनवर विचारलं की तू "भट्टी पेटलीय" म्हणून ठेवून देतेस. कागद मध्येच ठेवता येत नाही, म्हणून लिहिते.

तुझी
वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

"परवानगी नाही." दोन शब्द! सात वर्षं मी या पावाच्या मागे आहे आणि तू दोन शब्दांत त्याची वाट लावलीस.

आता माझं ऐक. मोठ्या हॉस्पिटलच्या कँटीनने पाव मागितलाय. तिथल्या आहारतज्ज्ञ बाई स्वतः बेकरीत येऊन गेल्या, पीठ चोळून पाहिलं, स्टेरॉलच्या पावडरीचे कागद तपासले. त्यांना माल पसंत आहे. पण लोक पाव घेतात ते कागद बघून नाही, चेहरा बघून. माझ्या दादाचा चेहरा माझ्या पावावर नको तर कोणाच्या पावावर असावा? पहिला घाणा त्याने खाल्ला. सगळे हसत होते तेव्हा त्याने खाल्ला. आणि तो पावाने गेला नाही, जिन्यांनी गेला. अकरा मजले हत्यारांची पेटी घेऊन चढला म्हणून गेला. हे तूच मला सांगितलंस.

माझ्या गोळ्यांचं म्हणशील तर चार महिने झाले, बंद आहेत. कोलेस्टेरॉलची बंद, दाबाची बंद. आमच्या भट्टीवाल्या नवरोबांना बोलू नकोस, ते उगीच माझ्या मागे फिरत बसतील. मी सकाळ-संध्याकाळ माझाच पाव खाते. मी माझ्या मालावर विश्वास ठेवायचा नाही तर गिऱ्हाइकाने का ठेवावा? रिपोर्टची नक्कल पाठवतेय. कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठेचाळीसवरून दोनशे वीस! घे, वाच. तुला वाचायची एवढी हौस.

मी ठणठणीत आहे. दुपारी डोकं ठणकतं, मान धरते, पण नऊ तास भट्टीसमोर उभं राहिल्यावर तुझीही धरेल.

पंचवीस तारीख लक्षात ठेव.

ठकू


१३ एप्रिल

प्रिय ठकू,

हे पत्र वाचून झालं की अंगावरचा ॲप्रन काढ आणि दाब मोजून ये. आधी वाचून नंतर जाईन म्हणत असशील तर आधी जा.

रिपोर्ट वाचला. आकडा तू दाखवलास, तारीख मी पाहिली. एकोणीस नोव्हेंबर. गोळ्या तू बंद केल्यास डिसेंबरात. म्हणजे तो आकडा पाव आणि गोळी दोघांनी मिळून खाली आणलेला आहे, आणि मिरवतेस तू एकट्या पावाला. त्यानंतर रक्त तपासलंयस का? तपासलं असतंस तर तोच रिपोर्ट पाठवला असतास.

दुसरं. तुझ्या पावातलं स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवून बसतं, त्यामुळे अन्नातलं थोडं कोलेस्टेरॉल रक्तात न जाता बाहेर पडतं. ते खरं आहे. मी ते वाचलंय आणि तुझ्या पावाला खोटं म्हणत नाही. पण त्याचा दाबाशी काही संबंध नाही. नळात गाळ साचणं वेगळं आणि पाण्याचा जोर वाढणं वेगळं. गाळ थोडा कमी झाला म्हणून जोर उतरत नाही. जवसाने आणि जवाने दाबाला जरा मदत होते म्हणतात, पण ती मदत म्हणजे पेटी उचलणाऱ्याला मागून बोट लावण्यासारखी. पेटी गोळी उचलते.

मान धरते ती भट्टीने धरते हे तुला कोणी सांगितलं? भट्टीनेच?

फोटोचं नंतर भांडू. आधी दाब.

वहिनी


१८ एप्रिल

वहिनी,

मोजला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. एकशे बहात्तर, खाली एकशे चार. दुकानदार म्हणाला, बसा, पुन्हा मोजू. मी म्हटलं, वेळ नाही. मी घाईघाईने गेले होते, त्यात त्याचं यंत्र माझ्या लग्नातलं असावं. तेव्हा त्या आकड्यावरून नाचू नकोस.

आता मी तुला एक वाचून दाखवते. दादाचं शेवटचं पत्र माझ्याकडे आहे. तो काय लिहितो बघ: "तुझ्या वहिनीने मागच्या आठवड्यात जेवताना पुस्तकातलं वाचून दाखवलं. अशा पदार्थांनी गोळ्या सुटू शकतात असं छापलेलं आहे. तुझा पाव चालू आहेच, गोळ्या दुसऱ्याच दिवशी बंद केल्या. वहिनीचं वाचन म्हणजे पक्कं काम."

काय म्हणणं आहे तुझं? तूच वाचून दाखवलंस. त्याने तुझं ऐकून सोडल्या, मी त्याचं वाचून सोडल्या. आणि आता तीच गोष्ट माझ्या लेबलावर आली की नळ, गाळ, पेटी! तेव्हा पुस्तक खरं होतं आणि आता खोटं झालं? की माझा पाव चालायला लागला हे कुठेतरी खुपतंय?

नाही म्हणायचं असेल तर कारण दे. खरं कारण. नाहीतर पंचवीसला छापायला जातं. भाऊ माझाही होता.

ठकू


२१ एप्रिल

ठकू,

सकाळी दोनदा फोन केला. माझा आवाज ऐकून तू ठेवलास. म्हणून हे आजच्या टपालात टाकते. आज मी कामावर गेले नाही.

खरं कारण मागितलंस. ह्यांनी तुला ते लिहिलं होतं, मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मला वाटत होतं की ही गोष्ट फक्त मला ठाऊक आहे.

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कसं असतं ते तुला माहीत नाही. पुस्तक तिथे पुस्तक नसतं. मोठाले छापील कागद येतात. एका कागदात सोळा पानं, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. एका टेबलाला एक फर्मा. दिवसभर तोच कागद, तीच घडी. मी अक्षरं शिकले ती अशीच, घडी घालताना. शाळेत कधी बसले नाही, पण एकच पान हजार वेळा हातातून गेलं की ते बोलायला लागतं. त्या महिन्यात आहाराचं एक पुस्तक आलं होतं. माझ्याकडे पाचवा फर्मा. पान पासष्ट ते ऐंशी. त्यात सगळं होतं, स्टेरॉल, ओट, जव, जवस, कोणाला किती फरक पडला ते. ऐंशीव्या पानावर शेवटचं वाक्य असं: "नियमित सेवनानंतर यातील काही रुग्णांच्या गोळ्या कमी करता आल्या, तर काहींच्या पूर्णपणे थांबवता आल्या."

खाली पूर्णविराम होता. मला वाटलं, गोष्ट संपली.

मला किती आनंद झाला काय सांगू. ह्यांना त्या गोळ्यांचा वैताग होता, पाय सुजायचे, शिडीवर गरगरायचं. मी ते पान खिशातून आणून जेवताना वाचून दाखवलं. थाटात. ह्यांनी घास खाली ठेवून ऐकलं. म्हणाले, शाळेत गेलेल्यांना हे कुठलं मिळायला. मी त्या कौतुकावर आठवडाभर तरंगत होते. दुसऱ्या दिवशी गोळ्यांची डबी फडताळावर गेली. मी पाहिलं. मीच स्टूल दिलं.

ते जिन्यांनी गेले नाहीत, ठकू. त्या दिवशी रविवार होता. सकाळी बूट घालायला वाकले आणि वर आलेच नाहीत. हॉस्पिटलात दाब दोनशे वीसच्या वर होता. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "गोळ्या नियमित घेत होते ना?" मी म्हटलं, हो. का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. दोन तास ते लोक ह्यांच्यासाठी धडपडत होते आणि मी त्यांना खोटी माहिती देऊन बाकावर बसले होते. खरं सांगितलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, ते मी कोणाला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मग तू आलीस, गळ्यात पडलीस, कसं झालं म्हणालीस. मी म्हटलं, जिने.

कामावर परत गेले त्या दिवशी शिलाईच्या टेबलावरून सहावा फर्मा उचलला. आमच्या पलीकडची बाई तो घडी करत होती. माझ्यापासून चार हातांवर. पान एक्क्याऐंशी, पहिली ओळ: "मात्र हा निर्णय प्रत्येक वेळी डॉक्टरांनी तपासण्या करून घेतला होता. रक्तदाबाच्या गोळ्या रुग्णाने स्वतःहून कधीही बंद करू नयेत. ते जिवावर बेतू शकते."

तुझा पाव खोटा नाही. मी वाचलेलंही खोटं नव्हतं. ते अर्धं होतं. आणि आता तू हजार पावांवर ते अर्धं छापायला निघाली आहेस, ह्यांच्या तोंडी घालून.

मला काय म्हणायचं ते म्हण. आयुष्यभर बोलू नकोस. पण आज गोळी घे, आणि तुझ्या डॉक्टरांकडे जा. एकशे बहात्तर हा यंत्राचा दोष नाही. भट्टीवाल्यांना हे पत्र दाखव. तू दाखवणार नसशील तर मी त्यांना वेगळं लिहीन.

वहिनी


२७ एप्रिल

वहिनी,

मला लिहायची सवय नाही, चूकभूल समजून घ्या.

तुमचं पत्र परवा पोचलं. तिने ते पिठाच्या पिंपावर बसून वाचलं आणि छापखान्यात जायचं होतं तिथे गेली नाही. पंचवीस तारीख होती, म्हणजे बघा. संध्याकाळी माझ्या हातात पत्र ठेवून म्हणाली, "वाच आणि ओरडू नकोस." मी वाचलं आणि ओरडलो. चार महिने माझ्या शेजारी उभी राहून पीठ मळते आणि मला पत्ता नाही! तिने एक गोळी घेतली. सकाळी डॉक्टरांकडे जायचं ठरलं.

सकाळी पावाचा पत्रा भट्टीतून ओढताना तिच्या उजव्या हातातून सुटला. मी म्हटलं, भाजलं का? ती काहीतरी बोलली ते समजलं नाही. तोंडाची एक बाजू उतरलेली. तसंच डिलिव्हरीच्या गाडीत घालून नेलं.

तिथे डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, दाबाच्या गोळ्या चालू होत्या का. मी म्हटलं, चार महिने बंद, काल एक घेतली. त्यांनी मान हलवली आणि लगेच कामाला लागले. वेळेत आणलंत म्हणाले. तुमचं पत्र आलं नसतं तर मीही हो म्हणालो असतो. मला तेवढंच माहीत होतं.

झटका छोटा आहे म्हणतात. हात हलत नाही अजून. ओळखते. तुम्ही येऊ का विचाराल, तर थांबा. तिने तुमचं नाव काढल्यावर तोंड फिरवलं.

भट्टीवाला


९ मे

वहिनी,

हे ती सांगतेय, मी लिहितोय. जसंच्या तसं लिही म्हणतेय, म्हणून जसंच्या तसं.

घरी आले. उजवा हात लुळा आहे, बोटं दोन हलतात. बोलणं बरंचसं आलं. भट्टीवाल्यांना वाटतं, नसतं आलं तरी चाललं असतं. (असं मी कधीही म्हणालो नाही.)

रोज दोन गोळ्या घेते. मोजून नाही, हे समोर उभे राहून घालतात तोंडात. पाव पण खाते. डॉक्टर म्हणाले, पाव खुशाल खा, त्याचं आणि गोळीचं भांडण नाही, भांडण तुमच्या डोक्यातलं आहे. माणूस तुझ्यासारखाच बोलतो.

लेबल छापलं नाही. फोटो काढून टाकला. कँटीनच्या बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं ऑर्डर गेली. त्या म्हणाल्या, नीट मजकुराचं लेबल आणा, मग बघू. तर आता मजकूर तू लिहून पाठव. या खेपेला पुढचं पान वाचून. (हे लिहू नको म्हटलं तर हट्टाने लिहायला लावलं.)

माझा राग गेलेला नाही. तू अर्धं वाचलंस त्याचा नाही. मला तीन वर्षं जिने दिलेस, त्याचा. मी बेकरीच्या तीन पायऱ्या चढताना दादाला आठवून रडायचे. ते सगळं रडणं चुकीच्या पत्त्यावर गेलं.

एवढंच. कागद माझ्याकडे दे, सही मी करते म्हणतेय.

_हे मी डाव्या हाताने लिहिते. ह्यांना पाणी आणायला पाठवलंय. दादाचं पत्र मी तुला अर्धंच सांगितलं. पुढे होतं, चार दिवस डोकं जड आहे, गोळी परत सुरू करू का, तुझ्या वहिनीला विचारलं तर ती घाबरेल. मी लिहिलं, थांब, घाई करू नको, यावेळी स्टेरॉल जास्त घालून पाव पाठवते. ते पार्सल पोचलं तेव्हा दादा नव्हता. तू घेतलंस ते. ठकू_


१३ मे

ठकू,

डाव्या हाताचं वाचलं. अक्षर उजव्यापेक्षा बरं आहे.

ते पार्सल मला आठवतं. ह्यांना नेल्यानंतर तिसऱ्या दिवशी आलं. वर तुझ्या अक्षरात "दादासाठी" लिहिलेलं. टाकवेना. तो पाव मी एकटीने खाल्ला, आठवडाभर, शेवटी शेवटी पाण्यात भिजवून. आत काय जास्त घातलं होतंस ते मला कुठून कळणार.

मी घाबरेन म्हणून त्यांनी मला विचारलं नाही, हे वाचल्यापासून मी घरात इकडून तिकडे फिरतेय. बाई, मी घाबरले असते. घाबरून डबी खाली काढली असती. हे तुला दुखवायला लिहीत नाही, पण आता आपल्यात अर्धं काही नको.

भट्टीवाल्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी सांगणार नाही.

लेबलाचा मजकूर: "जव, ओट, जवस आणि वनस्पती स्टेरॉलयुक्त पाव. कोलेस्टेरॉल थोडं उतरवायला मदत करतो. रक्तदाबाचं औषध नाही. चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका." शेवटचं वाक्य सगळ्यांत मोठ्या अक्षरात, आणि पावाच्या तोंडाशी, जिथून पिशवी उघडतात तिथे. मागच्या बाजूला छापलंस तर तो पाव मी परत पाठवीन.

मला तुला माफ करायला वेळ लागेल. तुला मला करायला त्याहून जास्त लागेल, हे मला कळतं. कर म्हणत नाही. पुढच्या शनिवारी मी तिथे येतेय. तोंड फिरवायचं असेल तर फिरव, मी त्या बाजूला जाऊन बसेन. एक हात नसताना तुझं पीठ कोण मळतंय हेही बघायचंय.

तोवर गोळी चुकवू नकोस. हे गेल्यापासून मनापासून भांडायला मला दुसरं उरलंय कोण?

तुझी
वहिनी